ताईंचा फोटो आणि आमची टाकी

चहा आधी घ्या. हा किस्सा ऐकल्यावर तुम्ही माझ्या हातचं पाणीसुद्धा घ्याल की नाही, शंका आहे मला.

मी तशी कमी बोलणारी. चेंबूरला माहेरी आई म्हणायची, "या पोरीला भूक लागली हे तिच्या तोंडाकडे बघून ओळखावं लागतं." लग्न होऊन बोरिवलीला आले, तीन-चार महिने झाले, तरी बिल्डिंगमधल्या निम्म्या लोकांनी माझा आवाज ऐकला नव्हता. मग एका संध्याकाळी मी बोलले. दोनच वाक्यं बोलले हो! आणि त्या दोन वाक्यांनी अख्ख्या बिल्डिंगची पाण्याची टाकी कोरडी पडली.

नाही, हसू नका एवढ्यात. अजून बरंच आहे.

आधी घरची माणसं सांगते. सासरे, म्हणजे बाबा, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. गिरणीकामगार वडिलांच्या खोलीत, चाळीच्या एका नळावर लहानपण गेलं त्यांचं. त्यामुळे पाणी म्हटलं की बाबा देवाचं नाव घेतल्यासारखे गंभीर होतात. आमच्याकडे पहाटे टाकी भरते आणि सकाळ-संध्याकाळ तासभर घरोघरी पाणी सोडतात. "मी सेक्रेटरी झाल्यापासून टाकी एकदाही आटलेली नाही," हे वाक्य बाबा पाहुण्यांना चहाच्या आधी ऐकवतात. लग्न ठरवायला माझ्या माहेरची मंडळी आली होती, तेव्हा मुलाच्या पगाराआधी त्यांना टाकीची माहिती मिळाली होती.

सासूबाई, म्हणजे आई, मूळच्या कुडाळकडच्या. राग आला, प्रेम आलं किंवा मासे ताजे मिळाले की मालवणी बोलतात. लग्नानंतर त्यांनी मला घरातलं एकच काम सोपवलं. "गौरी, संध्याकाळचा पाणी तू भरायचा. बाकी काय ता मी बघतंय." बाबांच्या घरात पाणी भरायचं काम! म्हणजे किती मोठा मान, तुम्हीच विचार करा. मी ऑफिसातून अक्षरशः धावत यायची.

नवरा निखिल. त्याचं काय सांगायचं? चांगला आहे. जेवतो.

आणि नणंद, मानसीताई. मालाडला राहतात. फोटोग्राफर आहेत, पण लग्नाबिग्नाचे फोटो नाही हं. त्या फोटो काढत नाहीत, रचतात. एक खोली घ्यायची, माणसं बसवायची, कोणाचा हात कुठे, उजेड कुठून, सगळं नाटकासारखं ठरवायचं आणि मग एकच फोटो. तो गॅलरीत लागतो आणि लोक त्याच्यासमोर मान तिरकी करून उभे राहतात.

तर ताईंनी जाहीर केलं, की आपल्या हॉलमध्ये फोटो काढायचाय. टीव्ही बघणारं घर. मला वाटलं, फॅमिली फोटो! रविवारी होता म्हणून मी साडीसुद्धा इस्त्री करून ठेवली.

पण उसना आणलेला कॅमेरा लवकर परत द्यायचा होता, म्हणून फोटो रविवारचा शुक्रवारवर आला. तसा मेसेज ताईंनी घरच्या ग्रुपवर टाकला होता. तो सगळ्यांनी वाचला. मी सोडून. कारण मी तो ग्रुप म्यूट केलाय. निखिलचे एक काका रोज पहाटे त्यावर गुलाब पाठवतात. हे सासरी अजून माहीत नाही, कृपा करून इथेच ठेवा.

शुक्रवारी संध्याकाळी पाण्याच्या वेळेला मी घरी पोचले. लॅच उघडून आत पाऊल टाकलं आणि थांबले.

हॉलमध्ये मिट्ट काळोख. दिवा नाही, पंखा नाही. फक्त टीव्हीचा निळसर उजेड, आणि त्या उजेडात माझं सासर. बाबा खुर्चीत, कपाळाला हात. मांडीवरचा पेपर अर्धा घसरलेला. आई सोफ्याच्या कडेला, पदर तोंडाशी धरलेला. आणि निखिल! एरवी कांदिवलीच्या ट्रॅफिकला शिव्या देत दहा वाजता घरी येणारा माणूस, आत्ता घरी! हातात पोह्यांची बशी, चमचा तोंडाशी, तोंड उघडं. आणि चमचा आत जात नव्हता.

निखिलचा घास अडकतो? भूकंप झाला तर हा माणूस टेबलाखाली जाईल, पण बशी घेऊन जाईल.

मी टीव्हीकडे पाहिलं. आवाज बंद. बातम्या देणारी बाई, तोंड अर्धवट उघडं, तीसुद्धा थिजलेली. आणि खाली लालभडक पट्टी:

'पश्चिम उपनगरांत तीन दिवस पाणीपुरवठा पूर्णपणे बंद.'

मी पट्टी वाचली. परत वाचली. मग हळूच विचारलं, "आई? खरंच?"

आई हलल्या नाहीत. बाबांची पापणीही लवली नाही. अहो, सेक्रेटरी ते! त्यांची टाकी! धक्क्याने माणसाची वाचा जाते असं ऐकलं होतं, इथे तिघांची एकदम गेलेली. बातमी एवढी वाईट, की आवाजही सहन झाला नाही, बंदच केलाय!

मी मान हलवली. म्हणजे 'मी आलेय, काळजी करू नका' अशी. आणि सरळ स्वयंपाकघरात गेले.

आता खरं काय होतं ते तुम्हाला सांगून टाकते, मला मेलीला नंतर कळलं. बेडरूमच्या काळोखात, दाराशी, तिकाटण्यावर एक पेटीएवढा जुना कॅमेरा होता आणि त्याच्यामागे काळ्या कापडाखाली ताई. फिल्मचा कॅमेरा. खोलीत उजेड फक्त टीव्हीचा, म्हणून एकेका फोटोला कितीतरी वेळ झाकण उघडं ठेवायचं, आणि तोवर कोणी हलायचं नाही, बोलायचं नाही. आईंना आधीच तीनदा ओरडा बसला होता. टीव्हीवर थांबवून ठेवली होती ती बातमी ताईंनीच बनवलेली. बातम्यांची बाई म्हणजे त्यांची मैत्रीण.

पण मग बातमी पाण्याचीच का? मी नंतर विचारलं, तेव्हा ताई म्हणाल्या, "अगं, युद्ध लाव, निवडणूक लाव, कोणाचा चेहराच हलत नाही. पाणी म्हटलं की बोरिवलीचा चेहरा पडतो."

आणि आईंना काय वाटलं असेल? "तू टीव्ही बघलंस, मान हलवलंस, गपचूप आत गेलंस. मी म्हटलं, कित्ती शहाणी सून! काय्येक न विचारता समाजला तिका."

बघा. मी न बोलण्याचे हे असे फायदे.

तर मी स्वयंपाकघरात. पदर खोचला. म्हणजे ओढणी. पिंप भरलं, बादल्या भरल्या, कळशी, हंडा. हे रोजचंच. मग टोप. मग कढया. कुकर भरला, कुकरची भांडी वेगळी भरली. थर्मास. माझा डबा, निखिलचा डबा, निखिलचा तो व्यायामशाळेचा शेकर, जो लग्नापासून कोरडाच होता. लग्नात आलेला डिनर सेट खोक्यातून काढला आणि चोवीसच्या चोवीस वाट्या भरून ओट्यावर रांगेत मांडल्या. किसणी भरता येत नव्हती म्हणून तेवढी राहिली.

आमच्या स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये, म्हणजे बिल्डिंगच्या मधल्या उभ्या पोकळीत उघडते. समोरच परब काकूंची खिडकी. भांड्यांचा आवाज ऐकून काकू डोकावल्या.

"काय गं गौरी, कोण येतंय जेवायला? पलटण?"

आता इथे मी गप्प बसले असते, नेहमीसारखी हसले असते, तर काही झालं नसतं. पण मला वाटलं, काकूंकडे त्यांच्या म्हाताऱ्या सासूबाई आहेत. यांना सांगायला नको? म्हणून मी बोलले.

"काकू, तीन दिवस पाणी बंद आहे, टीव्हीवर दाखवतायत."

"काय सांगतेस! आपल्याकडे? सेक्रेटरी तर काही बोलले नाहीत!"

"बाबा डोक्याला हात लावून बसलेत."

झालं. ही ती दोन वाक्यं.

पहिल्यावर काकूंचा विश्वास बसला नव्हता हो. दुसऱ्याने घात केला. सेक्रेटरी, डोक्याला हात लावून! याच्यापुढे टीव्ही काय चीज आहे?

काकूंनी खिडकीतून मान बाहेर काढली, वर पाहिलं आणि आवाज लावला. "ए सुषमाऽऽ! नळ सोड! तीन दिवस पाणी नाय!" डक्ट म्हणजे आमच्या बिल्डिंगचा लाऊडस्पीकर. वरून कोणीतरी आणखी वर ओरडलं. मला माझीच बातमी मजल्या-मजल्याने वर जाताना ऐकू येत होती, आणि ती चढता चढता बाळसं धरत होती. दुसऱ्या मजल्यावर तीन दिवस, चौथ्यावर आठवडा, त्याच्या वर पाइपलाइन फुटलेली. आणि सगळ्यात वरून खाली प्रश्न आला, "सेक्रेटरी शुद्धीवर आले काऽऽ?"

तेवढ्यात बिल्डिंगभर भांडी वाजायला लागली. कल्पना करा, तीसेक घरांतले सगळे नळ एकदम सुरू, आणि प्रत्येक घरात कोणीतरी कोणावर तरी ओरडतंय. "तो ड्रम आण!" "अरे माशाची टाकी नको भरू, मासे आहेत त्यात!" माझ्या नळाची धार बारीक झाली. मग करंगळीएवढी. मग दोऱ्याएवढी. मग नळाला खोकला आला आणि थेंब बंद.

मी स्वतःशीच म्हटलं, बघा! खरंच गेलं!

पुरावाच की हो! टीव्हीवर दाखवलं आणि गेलं.

खरं सांगू? मला फार छान वाटलं त्या क्षणी. चोवीस वाट्यांकडे बघत मी उभी होते आणि मनात आलं, या घराने मला एवढं मायेने घेतलं, आज मी या घराच्या कामी आले. बाबा भानावर येतील, आत येतील, पाणी बघतील, आणि...

बेल वाजली.

मी हॉलमधून गेले, दार उघडलं. बाहेर अर्धी बिल्डिंग. सगळ्यात पुढे परब काकू, हातात लिंबू सरबताचा ग्लास, शुद्ध हरपलेल्या सेक्रेटरींसाठी. मागे चौथ्या मजल्यावरचे मेहताभाई, घामाघूम.

आत पाहतात तर काय? तोच काळोख. तिघे तसेच. ताईंचा शेवटचा फोटो चालू होता, शेवटची फिल्म, आणि तिघांनी जीव गेला तरी हलायचं नाही असं ठरवलेलं. टीव्हीवर पट्टी लाल.

काकूंनी ती मोठ्याने वाचली. "बघा बघा! दाखवतायत की खरंच!"

मेहताभाई पुढे आले. "सेक्रेटरी साहेब? ओ साहेब!" बाबा ढिम्म.

"वाचा गेली त्यांची!" कोणीतरी म्हणालं.

"अरे, पाणी मारा तोंडावर!"

"पाणी?" मागून दुसरं कोणीतरी. "आत्ता? वेड लागलंय काय?"

आणि बेडरूमच्या काळोखातून एक काळी, बिनडोक्याची आकृती उठली आणि म्हणाली, "दार कोणी उघडलं?"

काकूंनी जी किंकाळी फोडली ती शेजारच्या सोसायटीत ऐकू गेली. सरबत माझ्या अंगावर. आकृतीने डोक्यावरचं कापड काढलं, तर आत ताई! "शेवटची फिल्म होती माझी!" त्या रडकुंडीला आलेल्या. निखिलने चमचा एकदाचा तोंडात घातला. कोणीतरी दिवा लावला.

मग ताईंनी सांगितलं. फोटो. रचलेला. बातमी खोटी.



"खोटी?" मेहताभाई म्हणाले. "लेकिन टाकी तो सच में खाली हो गई, साहेब."

बाबा सावकाश उठले. मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हते. इतकी वर्षं एकदाही न आटलेली टाकी. पाहुण्यांना चहाआधी सांगायचं ते वाक्य. संपलं. "कोणी सांगितलं तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

परब काकू छताकडे बघायला लागल्या. देव त्यांचं भलं करो, त्यांनी माझं नाव घेतलं नाही. एवढी बोलणारी बाई, माझ्यासाठी गप्प बसली.

"मी," मी म्हटलं. "मला वाटलं, खरं आहे."

"सेक्रेटरी के घर से ही अफवा?" मेहताभाई. "ये तो हद हो गई. मीटिंग में बात होगी ये. फिर सेक्रेटरी रहेंगे या नहीं, देखेंगे."

मागे दोघा-तिघांनी माना हलवल्या. बाबांचा चेहरा, आता टीव्ही बंद होता तरी, तसाच पडला. चेंबूरला परत जावं, बॅगसुद्धा नको, असं मला वाटत होतं.

तेवढ्यात आई सोफ्यावरून उठल्या. इतका वेळ हलू न दिल्याचा सगळा राग त्यांच्यात साठला होता.

"ओ मेहताभाई! पाणी गेला खंय? सांगा मका! टाकीत होता ता तुमच्या टोपात इला. तुमच्या बादलीत, तुमच्या बाथटबात. कोणी पळवल्यान काय? वापरा आधी ता! आणि अफवा कसली? पोरीन टीव्हीवर बघल्यान, शेजाऱ्याक सांगल्यान. तुम्ही बघलं असतात तर काय केलं असतात? आधी स्वतःचो ड्रम भरलो असतात आणि मग दार लावन बसला असतात!"

मेहताभाईंना मालवणी किती कळली, देव जाणे. पण 'ड्रम' कळला असावा. कारण ते एकदम खाली बघायला लागले. आणि बाथटब आहे हे आजवर त्यांनी सोसायटीला सांगितलं नव्हतं; आईंना कुठून कळलं, त्यांनाच ठाऊक.

मग बाबा बोलले. "सून माझी. बातमी माझ्या घरातून गेली, जबाबदारी माझी. सकाळी टाकी भरेपर्यंत कोणाला कमी पडलं तर आमच्याकडून घेऊन जा." मग माझ्याकडे वळले. "काय गं, आहे ना आपल्याकडे?"

मी मान हलवली.

आई बघायला आत गेल्या. मग स्वयंपाकघरातून हसू ऐकू आलं. मोठमोठ्याने, थांबेचना. "अहो, हय येवा! ह्या बघा! वाटी-वाटीत पाणी भरून ठेवल्यान!"

सगळे आत. माझा डिनर सेट म्हणजे प्रदर्शन झालं. परब काकू शेकरकडे बोट दाखवून खिदळत होत्या. मेहताभाईसुद्धा, अगदी नाइलाजाने, मिशीत हसले. आणि पाणी एवढं होतं, की आईंनी तिथल्या तिथे सगळ्यांना चहा टाकला. मीटिंगचं मग कोणी नावही काढलं नाही. आमच्याच टोपातला चहा पिऊन आमच्याच सेक्रेटरीला काढणार कसे?

सगळे गेल्यावर मी बाबांसमोर उभी राहिले. माफी मागायची होती.

बाबा म्हणाले, "पुढच्या वेळी मला विचार. मी डोक्याला हात लावून बसलेलो असलो, तरी विचार."

बस. तेवढंच. त्यानंतर आजतागायत त्या घरात कोणी मला त्यावरून एक वाकडा शब्द बोललेलं नाही. हसले खूप, पण बोललं कोणी नाही. आणि पाणी भरायचं काम काढून घेतील असं वाटलं होतं, तर दुसऱ्या संध्याकाळी आईंनीच हाक मारली, "गौरी, पाणी इला गो!" इतकं बरं वाटलं मला, की मी नळाखाली हंडा ठेवून थोडी रडून घेतली. कोणाला सांगू नका.

पण किस्सा संपला नाही. काही दिवसांनी ताईंचा फोन आला. फिल्म धुऊन झालेली.

"गौरी, तू फोटोत आहेस."

"मी?"

"तू घरात शिरलीस तेव्हाच्या. तू दारात उभी राहून पट्टी वाचत होतीस ना? तेवढा वेळ उमटलीस. मग आत पळालीस, म्हणून अर्धीच."

मला वाटलं, आता हाही बिघडवला मी. "सॉरी, ताई," मी म्हटलं. ताई पलीकडून म्हणाल्या, "वेडी आहेस का? मी तोच लावतेय. हे तिघं बघितल्यासारखं करत होते गं. टीव्ही बघितलास तो तू एकटीने."

अंधेरीला गॅलरीत प्रदर्शन होतं, आम्ही सगळे गेलो. आईंनी पैठणी नेसलेली. भिंतीवर तो फोटो, दाराएवढा मोठा. निळसर उजेडात बाबा, आई, निखिल आणि पोहे. आणि दाराशी मी. म्हणजे धुरासारखी. खांद्यावर पर्स, मान पुढे, माझ्यातून मागचं कॅलेंडर दिसतंय. पण चेहरा कसा! इतकं मन लावून मी आयुष्यात काही वाचलेलं नाही.

एक वयस्कर गृहस्थ, झब्बा-शबनम, त्या फोटोसमोर मान तिरकी करून बराच वेळ उभे होते. कधी जवळ जात, कधी मागे येत. मला काय झालं कोण जाणे. कदाचित अभिमान. आपणहून अनोळखी माणसाशी बोलायची माझी आयुष्यातली ती पहिलीच वेळ.

"ती दाराजवळची," मी म्हटलं, "ती मी आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"अच्छा, माणूस आहे होय! मला वाटलं, छपाईत चूक झालीय."

मी जमिनीत जायच्या बेतात असताना आई पैठणी सावरत मध्ये आल्या.

"चूकच आसा ती," त्या त्यांना म्हणाल्या आणि माझा हात घट्ट धरला. "पण आमच्या घरची आसा."